साखराबाईच्या सीताफळावरचा मारुती

माझं काम किडींचं, माणसांचं नाही, अशा समजुतीत मी कृषी सहायकाच्या नोकरीला लागले. नांदेडहून जळकोट तालुक्यात नेमणूक झाली, स्कूटी घेतली, गावं वाटून मिळाली. त्यातल्या एका गावात घरोघर सीताफळाची झाडं आहेत. त्या खडकाळ रानात दुसरं काही धड येत नाही, सीताफळ मात्र न सांगता येतं. आणि सीताफळ आलं की पिठ्या ढेकूण आलाच. फळाच्या खाचाखाचांत पीठ भुरभुरल्यासारखी ही पांढरी कीड बसते, रस पिते, चिकट गोडवा सांडते, आणि त्या गोडव्यापायी मुंग्यांची रांग लागते. लोक एकच प्रश्न घेऊन येतात, "मॅडम, कोणतं औषध मारू?" मी सांगितलेलं ते मारत नाहीत, दुकानदारानं दिलेलं मारतात, आणि वर मलाच विचारतात की कीड का गेली नाही. त्यामुळे माझं डोकं बाराही महिने तापलेलं असतं.

साखराबाई ही त्या गावातली एकटी बाई, जिनं मला औषध विचारलं नाही. तिनं विचारलं, "च्या ठिवू का?"

साठीच्या आसपासची, ठेंगणी, कपाळावर गोंदण. हात रिकामा राहिला तर चुकल्यासारखं वाटतं अशा बायकांपैकी एक. बोलता बोलता शेंगा फोडेल, फोडता फोडता उठून अंगणातली कोंबडी हाकलेल. तिचं माहेर उदगीरकडचं, लग्न होऊन इथं आली आणि इथलीच झाली. नवरा सटवाजी रेल्वेत होता, मुदखेडला. नोकरी मुदखेडला म्हणून राहायलाही मुदखेडला, आणि पुढे तिथंच त्यानं दुसरा संसार मांडला. गावाला माहीत होतं, साखराबाईला माहीत होतं, आणि कुणी एक अक्षर बोलत नव्हतं. पोळ्याला आणि दिवाळीला तो पाहुण्यासारखा यायचा, ही त्याला वाढायची. उरलेलं वर्षभर त्याच्या नावाचं कुंकू लावून ही घर सांभाळायची, कारण घराला कुलूप दिसलं असतं तर लोक बोलले असते. सटवाजी गेला तेव्हा सगळे विधी हिनंच केले. आरती ही एकच मुलगी, ती धर्माबादला दिलेली. शेजारी भिंतीपलीकडे धाकटा दीर ज्ञानोबा. एका घराची दोन घरं झालेली, अंगण मात्र अजून सामाईकच म्हणायचं.

त्या अंगणात तिचं सीताफळाचं झाड. भाद्रपदात मी ते पाहिलं तेव्हा त्याच्यावर ढेकणांचा कहर होता. मी भिंग काढलं, आणि त्या पिठात काहीतरी हललं. ढेकणांसारखंच पांढरं, पण ढेकूण नाही. ती अळी होती. ढेकणांना खात होती, आणि त्यांच्याच अंगचं पीठ स्वतःच्या पाठीवर घेऊन त्यांच्यातलीच एक होऊन बसली होती. राखण करणाऱ्या मुंग्या तिच्या अंगावरून जात-येत होत्या आणि त्यांना पत्ता नव्हता.

मला हे पुस्तकातून ठाऊक होतं, डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. आपल्याकडच्या बहुतेक फुलपाखरांच्या अळ्या पाला खातात, ही मांस खाणारी. तिचं फुलपाखरू नखाएवढ्या पंखांचं, मातकट रंगाचं, पुढच्या पंखावर एक फिकट ठिपका. मूळचं ओल्या, घनदाट पावसाळी जंगलांतलं. सह्याद्रीत, केरळात, पार समुद्रापलीकडच्या बेटांपर्यंत. जळकोटच्या खडकात त्याचं काय काम, तर ढेकूण जिथं जाईल तिथं हे मागोमाग जातं. मी साखराबाईला दाखवलं तर ती भिंगात बघून खुदकन हसली.

"अगं माय! त्यांच्यातच बसून त्यांलाच खायलंय की! भावकीतलंच दिसतंय."

मी तिला सांगितलं, फवारा मारू नका, ही तुमचं काम फुकटात करते. तिनं मान डोलावली. एवढ्यावर गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या फेरीला गेले तर गल्लीत माणसं. अंगणात माणसं. ज्ञानोबा डोक्याला टॉवेल बांधून, हात जोडून झाडाशी उभा.

झालं होतं ते असं. अळीनं खाणं संपवून बुंध्यावर डोळ्यांच्या उंचीला कोष केला होता. तुरीच्या दाण्याएवढा, तपकिरी. आणि ह्या फुलपाखराची खोड अशी, की त्याचा कोष हुबेहूब माकडाच्या तोंडासारखा दिसतो. दोन डोळे, बसकं नाक, मिटलेलं तोंड. पाखरांनी घाबरावं म्हणून असेल, कशासाठी असेल, अजून कुणी खात्रीनं सांगत नाही. ज्ञानोबानं सहज मोबाईलवर किडीचा फोटो काढला, मला दाखवायला म्हणून, आणि बोटांनी मोठा केला तर पडद्यावर तोंड आलं. तो दिवस नेमका शनिवार. ज्ञानोबा कडक शनिवार धरणारा माणूस. त्यानं तो फोटो लगेच गावाच्या ग्रुपवर टाकला.

मग काय विचारता. झाडाशी येऊन बघावं तर दाण्याएवढं काहीतरी, म्हणून लोक हिरमुसायचे. मग ज्ञानोबा मोबाईल पुढे करायचा, आणि लोक मोबाईलला हात जोडायचे. दर्शन असं दोन हप्त्यांत व्हायचं, आधी झाडाचं, मग फोटोचं.

मला हसू येत होतं, ते मी गिळलं. माझं आडनाव गावात सगळ्यांना माहीत आहे. 'हा किडा आहे' एवढे तीन शब्द माझ्या तोंडून निघाले असते, तर ते कृषी सहायकाचे राहिले नसते. 'ह्यांच्यात देव न्हाई म्हणून आमच्या देवाला किडा म्हणतेत' असं झालं असतं, आणि संध्याकाळपर्यंत दोन वस्त्यांत बोलणं बंद झालं असतं. मी काही भित्री बाई नाही. पण ज्या भांडणात खरं-खोटं कुणी विचारणारच नाही, त्यात मी माझी जीभ का खर्च करू? मनातून मात्र मी धुमसत होते.

आणि ज्ञानोबा काही लबाड माणूस नव्हता. त्याला खरंच वाटत होतं, हीच पंचाईत. त्यानं नियम घातले. मारुती ब्रह्मचारी, म्हणून बाईमाणसानं झाडाला शिवायचं नाही. बुंध्याभोवती चुन्याची रेघ मारली. साखराबाईची न्हाणी झाडाच्या मागे. ती आता अंघोळीची बादली घेऊन ज्ञानोबाच्या दारावरून वळसा घालून जाऊ लागली. तिच्या झाडाची पिकलेली सीताफळं तिनं तोडायची नाहीत. ती बुलबुल खात होते, उरलेली खाली पडून फुटत होती. आणि सगळ्यांत मोठं म्हणजे, ज्या घरी देव प्रकटला त्या घरच्या माणसानं दारात अखंड दिवा सांभाळायचा. विझू द्यायचा नाही. घर सोडून जायचं नाही. त्या घरात माणूस एकच.

"जिम्मा मोठा हाय, वैनी," ज्ञानोबा म्हणाला. "भाग्य लागतं."

भाग्यवान बाई दिव्यापाशी पाय मुडपून बसली. लोक झाडाला नमस्कार करून तिलाही करायचे. ती पदर सारखा करायची आणि वातीकडे बघायची.

तिची घालमेल मला त्या दिवशी कळली. आरतीला दिवस गेले होते, पहिलं बाळंतपण, दिवस भरत आलेले. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती ह्याच आठवड्यात यायची होती. आता कशी येणार? देवाच्या घरात सोयर चालत नाही. मग साखराबाईनं धर्माबादला जावं, तर दिवा. आरतीला सासू नाही. जावई सुदर्शन मिरचीच्या आडतीवर, गडी चांगला, पण बाळंतिणीचं त्याला काय कळणार? त्यात आरतीच्या पायांवर सूज आलेली. रोज फोन यायचा. मी बसले होते तेव्हाही आला, आणि स्पीकरवर ती पोरगी म्हणाली, "आई, तू येनास का? खरं सांग. येनास तर मी वाट बघत न्हाई."

साखराबाई "येते की" म्हणाली आणि फोन ठेवून रडली. तिला रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

"मॅडम, मी पहिलटकरीण व्हते तवा नवरात्र व्हतं," ती म्हणाली. "माजी माय घटापाशी. दिवा सोडून यायची न्हाई ती. आली ती दसरा करूनच. तवर लेकरू गेलं व्हतं. मायीवर मी राग धरला न्हाई, देवाचं काम म्हणून. पण आतून धरला. आजून हाय. आता आरती माज्यावर धरंल, अन् तिचं बराबर ऱ्हाईल."

माझ्याच्यानं राहवलं नाही. दार लोटलं आणि तिला सगळं सांगितलं. हीच ती पांढरी अळी, भावकीतली. हा तिचा कोष. आत फुलपाखरू तयार होतंय, आणि ते बाहेर पडेल.

ती म्हणाली, "मंजी आत जित्तं हाय?"

"हो."

"शनिवारी शेंदूर चढवायचं ठरलंय. तेलात कालवून."

"मावशी, मी तुम्हाला किडीवर तेलाचा फवारा का सांगते? श्वास कोंडतो त्यांचा. ते आतच मरेल."

तिचा चेहरा बदलला. भीती होतीच, पण त्यात आता हिशोबही आला. मेलं तर ते तोंड शेंदराखाली कायमचं राहणार, आणि त्याच्यापाशी ती. जिवंत बाहेर पडलं तर देव गेला, आणि तीही मोकळी. एवढ्या चिमुकल्या किड्यावर तिचं धर्माबाद अडकलं होतं.

"कुणाला सांगू नका," मीच म्हणाले.

"मी कशाला सांगू? म्या सांगितलं तर म्हणतील त्या मॅडमनं शिकिवलं. तुमालाच लागंल."

त्यानंतर मी रोज त्या गावाला फेरी काढली. साहेबांना सांगितलं, पिठ्या ढेकणाचा प्रादुर्भाव वाढलाय. खोटं नव्हतं. साखराबाई दिव्यापाशी बसून झाडाकडे डोळे लावून असायची. कुणी उदबत्ती कोषाजवळ खोचली, की ही आतून ओरडायची, "पानं करपतेत, लांब लावा!" कुणी गुळाचा खडा ठेवला, की "मुंग्या लागतेत देवाला!" लोकांना वाटे, काय भक्ती आहे बाईची. कोषाचा रंग गडद होत चालला होता. पंख भरत आल्याची ती खूण. पण पुस्तकं कोकण-केरळातली, इथल्या हवेत किती वेळ लागेल मला कुठे माहीत? तिनं विचारलं की मी "होईल" म्हणायचे आणि मलाच माझा राग यायचा.

शुक्रवारी सकाळी मी पोचले तेव्हा गल्ली झाडून व्हायची होती. साखराबाई दारात उभी. "मॅडम, ते फाटायलंय," ती कुजबुजली. मग तिनं झाडाला हात जोडले, आणि चुन्याची रेघ ओलांडली. मी मागोमाग गेले.

कोष पाठीकडून उकलला होता. त्यातून ओलं, चुरगळलेलं काहीतरी पाय टेकत बाहेर आलं, बुंध्यावर दोन बोटं वर सरकलं आणि लटकून राहिलं. पंख हळूहळू उलगडले. खालून राखाडी, बारीक नागमोडी रेघांचे. वरून मातकट, एक फिकट ठिपका. कुणी वळून बघणार नाही असं फुलपाखरू. साखराबाई तोंडावर पदर धरून बघत होती आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"सुटलं," ती म्हणाली.

ते उडालं. झपकन एक गिरकी घेतली आणि परत त्याच झाडाच्या एका पानावर येऊन बसलं. पुन्हा उडालं, पुन्हा तेच पान. ह्या जातीची सवयच तशी, मी सांगितलं.

"बाहीर निघालं तरी जाईना की," साखराबाई म्हणाली. मग तिची नजर बुंध्यावर गेली.

तोंड तिथंच होतं. डोळे, नाक, ओठ, सगळं जागच्या जागी. फाटलं होतं ते पाठीमागून. समोरून बघणाऱ्याला मारुती कालच्यासारखाच होता. इतकी वाट पाहिली आणि ही गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती. उद्या ह्या रिकाम्या टरफलाला शेंदूर चढणार, आणि रिकाम्याला तर मरणही नाही.

मला वाटलं, ती मटकन खाली बसेल. ती बसली नाही. भिंतीशी जाऊन हाक मारली, "भावजी, जरा या. फोन घिऊन या."

ज्ञानोबा आला. मी पानं तपासल्याचं सोंग करत बाजूला उभी. साखराबाई म्हणाली, "फोटू काडा. म्होरून न्हाई, वरून, मागल्या अंगानं."

रेघेच्या आत उभ्या वहिनीला बघून तो दचकला, पण तिच्या आवाजात काहीतरी होतं. त्यानं फोटो काढला. बोटांनी मोठा केला. आणखी मोठा केला. पडद्यावर पातळ टरफल, आणि आत आरपार उजेड. तो पारावर टेकावं तसा न्हाणीच्या दगडावर टेकला.

"रिकामं हाय," साखराबाई म्हणाली. "किडा व्हता. पाखरू झालं, गेलं. म्या डोळ्यांनी बगितलं."

ज्ञानोबा म्हणाला, "उद्या लोक येणार हायत, वैनी. मुखेडचं भजन सांगितलंय." आवाज अगदी लहान झाला होता त्याचा. "माज्या सबंध जिंदगीत देवानं माज्याकडं एकडाव बगितलं असं वाटलं व्हतं."

मला त्याची दया आली. येऊ नये असं वाटत असूनही आली.

"कुणापाशी बोलू नका," तो म्हणाला.

"न्हाई बोलत. तुमची अब्रू ती माजी. पण आजपसून दिवा मी लावत न्हाई. मी आरतीकडं चालले."

"वैनी, घरच्या माणसानं..."

"तुमी बी ह्याच घरचे. वाटणी भिंतीची झाली, देवाची न्हाई झाली." ती दारातली पिशवी उचलत म्हणाली. "अन् रिकाम्याफुडं दिवा लावायचं मला शिकवू नका, भावजी. तुमच्या भावाच्या नावानं तीस वरसं म्या लावला. घरात माणूस न्हाई, मनात माणूस न्हाई, अन् दिवा मातर रोज. कुणासाटी? गल्लीसाटी. आता मला हुईना."

साखराबाईनं तेलाची बुधली त्याच्याशेजारी ठेवली आणि निघाली. ती बांधलेली पिशवी आरतीला दिवस गेल्यापासून तशीच होती, हे मला स्कूटीवर बसल्यावर तिनं सांगितलं. जळकोटच्या स्टँडवर मी तिला मुखेडच्या गाडीत बसवलं. पुढे नायगावला उतरून धर्माबादची गाडी धरायची, हे मी दोनदा सांगितलं. ती म्हणाली, "फिकीर नका करू, तोंड हाय मला." गाडी हलली तरी तिनं मागे बघितलं नाही.

ती वेळेत पोचली. आरतीला मुलगी झाली. सूज होती, रक्तदाब चढला होता, दवाखान्यात धावपळ झाली, पण आई उशाशी होती आणि दोघी सुखरूप राहिल्या. इकडे शनिवारी शेंदूर चढला. भजन झालं. नंतर झाडाभोवती पत्र्याचं छप्परही आलं. ढेकूण मात्र झाडावर परत चढलेत, कारण शेंदराच्या भीतीनं कुणी फांदीला हात लावत नाही, आणि मी काही बोलत नाही.

बाळ दोनेक महिन्यांचं झालं तेव्हा नांदेडला घरी गेले होते, तिथून झबलं-टोपडं घेऊन धर्माबादला गेले. साखरामावशी पाय पसरून बाळाला तेल लावत होती. अंगानं भरली होती, बोलत होती, हसत होती. तेवढ्यात फोन वाजला. हात तेलाचे, म्हणून आरतीनं स्पीकरवर लावला. ज्ञानोबा होता.

"वैनी, कदी येताव? मला रानात जाया जमंना झालंय. तुरीला पाणी द्यायचं राहिलंय. पोराच्या सोयरिकीला जायचं व्हतं, जाता आलं न्हाई. दिवा सोडून उटता येत न्हाई."

साखरामावशीनं बाळाला पालथं केलं. "भावजी, आत काय न्हाई ते तुमाला ठाव हाय ना?"

"हाव."

"मग बसलाव कशाला?"

ज्ञानोबा म्हणाला, "मला ठाव हाय वैनी. लोकांला ठाव न्हाई ना."

साखरामावशी हसली नाही. तेलाचं बोट तसंच वर धरून तिनं आरतीला फोन बंद करायला खुणावलं, आणि बाळाची पाठ चोळू लागली.